घराला तडा गेला तर दाद कोठे मागावी?



उसाचे बिल हातात पडले की आपल्या भागातला शेतकरी दोन कामांच्या मागे लागतो. एक मुलीचे लग्न, दुसरे घर. घर बांधायचे ठरले की नागपूरची फेरी होते, आणि नागपूरला गेलेला माणूस लकडगंजात गेल्याशिवाय परतत नाही. नावातच लाकूड असलेली ही पेठ. तिथे चौकटीसाठी सागवान निवडणारा आपला सभासद कधी बघा. तो लाकडाला नख लावतो, वास घेतो, रेषा बघतो, गाठ लपवली आहे का म्हणून नग उलटापालटा करतो. चार दुकाने फिरतो, मगच बयाणा देतो आणि बयाण्याची पावती मागून घेतो.

हाच माणूस गावी येऊन ठेकेदाराला दहा-बारा लाखांचे काम देतो, ते वहीच्या एका पानावर! त्या पानावर फुटाचा भाव असतो आणि दिलेल्या रकमांच्या तारखा असतात. सिमेंट कोणते, लोखंड किती, स्लॅब किती इंची, आणि गळला तर निस्तरायचे कोणी, यातले काहीही नसते. चौकट हजारांची आणि घर लाखांचे, पण पावती आहे ती चौकटीची.

या पावसाळ्यात एकाच आठवड्यात तीन सभासद आमच्याकडे जवळजवळ एकच गाऱ्हाणे घेऊन आले. पहिल्याने मुलांच्या शिक्षणासाठी लकडगंजातच एका नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. ताबा घेऊन तीन वर्षे झाली. बाहेरच्या भिंतीतून पाणी झिरपते आणि बीमखालचा थर सुटून लोखंड उघडे पडले. दुसऱ्याने गावात मालासह ठेका देऊन घर बांधले. चौदा महिन्यांत स्लॅब गळू लागला आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा वर गेला. तिसऱ्याने सिमेंट, लोखंड, विटा, सगळे स्वतः आणून दिले व मिस्त्री रोजंदारीवर लावला. त्याच्या भिंतीचा ओळंबा चुकला आहे, आणि लकडगंजातून आणलेल्या चौकटी इतक्या वाकल्या की दार लागत नाही. तिघांचा प्रश्न एकच होता: "साहेब, केस टाकता येते का?"

टाकता येते. पण तिघांचे दरवाजे वेगळे आहेत आणि प्रत्येक दरवाजा किती दिवस उघडा राहतो तेही वेगळे आहे. चुकीच्या दरवाज्यावर दोन वर्षे बसून राहिलेला माणूस बरोबर दरवाज्यावर पोहोचतो तेव्हा तिथे कडी लागलेली असते. म्हणून हा लेख.

आधी दोष कोणाचा ते बघा

आपल्याकडे घरे बिघडण्याचे एक कारण आपल्याच हिशेबात आहे. गळीत हंगाम संपता संपता पैसा हाती येतो, म्हणून बांधकाम मार्च ते मे या महिन्यांत चालते. नागपूरकडचा पारा तेव्हा ४५ अंशांच्या घरात जातो आणि विहिरीने तळ गाठलेला असतो. ओल्या काँक्रीटला याच दिवसांत पाणी सर्वांत जास्त लागते. काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक आयएस ४५६ सांगते की साध्या सिमेंटच्या कामाला निदान ७ दिवस आणि कोरड्या, कडक उन्हात निदान १० दिवस पाणी मारलेच पाहिजे. राखमिश्रित सिमेंटला तर १४ दिवस धरावेत. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी टँकर येत नाही आणि पाचव्या दिवशी मिस्त्री दुसऱ्या गावी गेलेला असतो.

दुसरे कारण जमिनीत आहे. ज्या काळ्या मातीवर आपला ऊस पोसतो तीच माती घराची वैरी आहे. उन्हाळ्यात ती आकसून फाटते, पावसाळ्यात फुगते आणि वरच्या घराला खालीवर करते. अशा जमिनीत पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो, किंवा खाली फुगा असलेले काँक्रीटचे खांब घ्यावे लागतात. ही फुगीर खांबांची पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच पुढे आणली. तीन फूट खणून "चालते हो" म्हणणारा ठेकेदार आणि त्याला मान डोलावणारा मालक, दोघांनाही पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात उत्तर मिळते.

तडा वाचता येतो. प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक जाळीला फार घाबरू नये. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा जाणारा आणि दर ऋतूत रुंदावणारा तडा पाया हलल्याचा संशय देतो. बीम आणि विटांच्या सांध्यावरची आडवी भेग बहुधा दोन वेगळ्या वस्तूंच्या आकसण्याची असते. स्लॅबखाली लोखंडाच्या रेषेत तांबूस डाग आणि सुटलेले पोपडे दिसले तर लोखंड गंजू लागले असे समजावे. लोखंडावर काँक्रीटचा पुरेसा थर सोडला नाही की असे होते. स्लॅबमध्ये हा थर निदान २० मिलिमीटर आणि कॉलममध्ये ४० मिलिमीटर लागतो. सेंट्रिंगच्या भाड्यासाठी घाई करून टेकू लवकर काढले तरी स्लॅब वाकतो. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस हलवायचे नसतात.

हे सारे सांगण्याचे कारण असे की कोणत्याही कचेरीत "काम खराब केले" एवढे म्हणून चालत नाही. कोणते काम, कशात कमी, आणि ती कमी ठेवली कोणी, हे एखाद्या सिव्हिल इंजिनिअरने लिहून द्यावे लागते. त्याने काँक्रीटची हातोडी-चाचणी किंवा गाभ्याचा नमुना काढण्याचा सल्ला दिला तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून ती करून घ्यावी. दुरुस्तीचे अंदाजपत्रकही त्याच्याकडूनच घ्यावे, कारण भरपाईचा आकडा तिथूनच येतो. आणि हा अहवाल दुरुस्ती करण्याच्या आधी घ्यायचा. आमच्याकडे आलेले एक गृहस्थ वॉटरप्रूफिंग करून, रंग मारून आले होते. आता दाखवायचे काय?

फ्लॅट घेतला असेल तर

लकडगंजच्या फ्लॅटवाल्या सभासदाची बाजू तिघांत बळकट आहे. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला सगळे रेरा म्हणतात, त्याच्या कलम १४ च्या तिसऱ्या पोटकलमात स्पष्ट लिहिले आहे. ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यात, कारागिरीत, दर्जात किंवा सोयींत दोष निघाला आणि तो बिल्डरच्या नजरेस आणला, तर त्याने ३० दिवसांत एक पैसाही न घेता तो दुरुस्त करून दिला पाहिजे. न केल्यास भरपाई द्यावी लागते. "आमची गॅरंटी एकच वर्षाची होती" हे बिल्डरचे वाक्य या कायद्यापुढे टिकत नाही.

महाराष्ट्रात हे काम महारेरा प्राधिकरण २०१७ पासून बघते आणि त्याचे कार्यालय नागपूरलाही आहे. तक्रार ऑनलाइन दाखल होते, फी ५,००० रुपये. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचे किंवा ८ पेक्षा जास्त फ्लॅटचे प्रकल्प नोंदवावेच लागतात. तेव्हा करारनाम्यावरचा नोंदणी क्रमांक आधी काढून ठेवावा. आमच्या सभासदाने तीन वर्षांत बिल्डरला निदान वीस फोन केले, एकही पत्र लिहिले नाही. कायद्याला हवे असलेले "नजरेस आणणे" फोनवर झाले हे सिद्ध करणे अवघड असते. आम्ही त्यांना त्याच दिवशी पत्र लिहायला बसवले.

दोष जिना, गच्ची, बाहेरची भिंत अशा सामाईक भागात असेल तर सर्व फ्लॅटधारकांनी किंवा संस्थेने मिळून तक्रार करावी. एकट्याने केलेल्या तक्रारीत बिल्डर शेजाऱ्याकडे बोट दाखवतो.

रेरा आला म्हणून ग्राहक आयोग बंद झाला असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२० रोजी इम्पेरिया स्ट्रक्चर्सच्या प्रकरणात सांगितले की घर घेणाऱ्याला दोन्हींपैकी कोणताही मार्ग निवडता येतो. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे मात्र धावू नये. फ्लॅटला भोगवटा प्रमाणपत्रच मिळाले नसेल तर मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण लक्षात ठेवावे. प्रमाणपत्र नाही म्हणून तिथल्या रहिवाशांना जादा कर आणि पाणीपट्टी भरावी लागत होती. मुदत संपली म्हणून त्यांची तक्रार राष्ट्रीय आयोगाने परत पाठवली होती. ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रमाणपत्र न देणे ही रोज चालू राहणारी चूक आहे आणि तिला मुदतीची आडकाठी नाही.

गावचा ठेकेदार आणि ग्राहक आयोग

दुसऱ्या सभासदाला रेराचा उपयोग नाही, कारण त्यांचा ठेकेदार घरे विकत नाही, दुसऱ्याच्या जमिनीवर बांधून देतो. त्यांच्यासाठी ग्राहक आयोग.

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला तेव्हा घर बांधून देणे ही "सेवा" आहे की नाही यावरच वाद होता. १९९३ मध्ये कायद्यातच "गृहबांधणी" हा शब्द घातला गेला. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घर बांधून देणारा, मग तो खाजगी ठेकेदार असो की सरकारी संस्था, ग्राहकाला उत्तरदायी आहे असे ठरवले. आपली सुधार प्रन्यास, म्हाडा या संस्थाही त्यामुळे या कक्षेत आल्या. न्यायालय एवढ्यावर थांबले नाही. लोकांना छळणाऱ्या अधिकाऱ्याच्या चुकीची भरपाई जनतेच्या तिजोरीतून का जावी, ती त्या अधिकाऱ्याकडून वसूल व्हावी, असेही त्यात म्हटले आहे.

सध्या २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. त्यातल्या कामाच्या गोष्टी सांगतो. ठेकेदाराला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात होते. ती ठेकेदाराच्या गावी नव्हे, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या पाठवता येते आणि सल्ला हवा असेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

मुदत २ वर्षांची. ही मुदत फसवी आहे. ठेकेदार "पावसाळा संपला की करून देतो", "दिवाळी झाली की येतो" असे म्हणत दोन पावसाळे काढतो आणि आपण भिडेखातर गप्प बसतो. त्याच्या गोड बोलण्याने मुदत थांबत नाही. सबळ कारण दाखवल्यास आयोग उशीर माफ करू शकतो, पण भीड हे सबळ कारण नाही.

मागायचे काय? दोष दुरुस्त करून द्यावा, किंवा दुरुस्तीचा खर्च द्यावा. शिवाय भाड्याच्या घरात राहावे लागले असेल तर ते भाडे, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. आकडे पुराव्यानिशी मागावेत. ३ लाखांच्या दुरुस्तीला २५ लाख मागणाऱ्याच्या ३ लाखांवरही मग कोणी विश्वास ठेवत नाही.

नोटीस मिळाल्यावर ठेकेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४५ दिवसांपुढे एक दिवसही वाढ नाही असे ठरवून टाकले. ते प्रकरण एका शीतगृहाचे आणि विमा कंपनीचे होते, पण नियम सर्वांना लागू आहे. कायदा निकालासाठी ३ ते ५ महिने म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे आम्ही लपवत नाही. हरलेल्या बाजूला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. मात्र ठेकेदाराला अपील करायचे तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळलाच नाही तर १ महिना ते ३ वर्षे कैद किंवा निदान २५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आयोगाचा कागद काही केवळ शोभेचा नाही.

शेतकरी हा ग्राहक होऊ शकतो का, असे एका सभासदाने विचारले. होतो. १६ जानेवारी २०१२ रोजी राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकृष्ट बियाण्याबद्दल शेतकऱ्यांची ग्राहक म्हणून दाद मान्य केली. घराच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. भाड्याने द्यायच्या गाळ्यांचे किंवा व्यापारी गोदामाचे बांधकाम असेल तर मात्र "व्यापारी हेतू" ही हरकत येते. तेव्हा दिवाणी न्यायालय गाठणे बरे.

रोजंदारीचा मिस्त्री आणि वाकलेली चौकट

तिसऱ्या सभासदाला आम्हाला कडू सांगावे लागले. फुटाच्या भावाने ठेका घेणारा माणूस आपल्याला सेवा विकतो. आपल्या हुकमाखाली रोजावर काम करणारा मिस्त्री हा आपला नोकर होतो, आणि अशी व्यक्तिगत नोकरी ग्राहक कायद्याच्या बाहेर आहे. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये डॉक्टरांविषयीच्या एका निकालात उलगडून सांगितला. माल आपला, हुकूम आपला, तर देखरेखीची जबाबदारीही पुष्कळशी आपली. ठेक्याचा नफा वाचवला तो असा दुसऱ्या खिशातून जातो. मिस्त्रीवर दिवाणी दावा करता येतो, पण हुकूमनामा मिळाला तरी वसूल करायचे कशातून? त्यांना आम्ही तडजोडीचा सल्ला दिला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करण्यापूर्वीच समेटासाठी अर्ज करता येतो. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचेच बळ असते.

चौकटीचे मात्र वेगळे आहे. चौकट हा माल आहे आणि तिची पक्की पावती त्यांच्याजवळ होती. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, घेणाऱ्याने कशासाठी हवे ते सांगितले आणि त्या मालाचाच धंदा करणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून घेतले, तर माल त्या कामाला योग्य असला पाहिजे. पण त्याच कलमात असेही आहे की माल तपासून घेतला असेल तर तपासताना दिसायलाच हवा होता असा दोष नंतर काढता येत नाही. म्हणजे लकडगंजात लावलेल्या नखाचा असा हिशेब होतो! दिसणारी गाठ, दिसणारी चीर आपल्या माथी. आतला ओलावा नखाला कळत नाही. नीट न वाळवलेले लाकूड पक्के म्हणून दिले असेल तर तो दोष विकणाऱ्याचा. ग्राहक आयोग असा माल प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून पावतीवर "सागवान, वाळवलेले, दाराच्या चौकटीसाठी" एवढे शब्द लिहून घ्यावेत. नुसते "लाकूड नग ६" लिहिलेल्या पावतीने फारसे साधत नाही.

दिवाणी दावा

ज्यांची ग्राहक आयोगाची मुदत टळली त्यांनीही निराश होऊ नये. करार मोडल्याबद्दलच्या दिवाणी दाव्याला करार मोडल्यापासून ३ वर्षांची मुदत आहे. कराराचा कायदा १८७२ चा, पण त्याच्या कलम ७३ खालची उदाहरणे वाचली तर कालच लिहिल्यासारखी वाटतात. एकात घर दुरुस्तीचे पैसे आगाऊ घेऊन कराराप्रमाणे काम न करणारा माणूस आहे, आणि काम कराराबरहुकूम करून घेण्याचा खर्च त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क मालकाला दिला आहे. दुसऱ्यात घर इतके वाईट बांधले की मुदतीआधीच कोसळले. तिथे बांधणाऱ्याने पुन्हा बांधण्याचा खर्च, बुडालेले भाडे आणि ज्याला घर द्यायचे होते त्याला द्यावी लागलेली भरपाई, हे तिन्ही भरायचे आहे. तोंडी करारही करारच असतो, फक्त तो सिद्ध करताना दमछाक होते.

दिवाणी न्यायालय जागा पाहण्यासाठी कमिशनर नेमू शकते. बांधकामाच्या दाव्यात त्याचा अहवाल मोलाचा ठरतो, तेव्हा तो अर्ज सुरुवातीलाच द्यावा. वेळ लागतो, कोर्ट फी लागते. लहान रकमेसाठी आम्ही हा रस्ता सुचवत नाही.

पोलिसांकडे केव्हा जावे

राग आला की आपला माणूस आधी ठाण्यात जातो. तिथे "हे दिवाणी आहे" असे ऐकून परत येतो, आणि बहुतेक वेळा ते खरेच असते. फसवणुकीचा गुन्हा ठरायला पहिल्या दिवसापासून बुडवण्याचा हेतू दिसावा लागतो. काम खराब होणे म्हणजे फसवणूक नव्हे.

जीव धोक्यात आला तर गोष्ट वेगळी. २४ ऑगस्ट २०२० रोजी रायगड जिल्ह्यात महाड येथे तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे गेली. ती काही जुनी, मोडकळीला आलेली इमारत नव्हती. त्यात बिल्डरबरोबर आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेचे अधिकारी यांच्यावरही गुन्हा नोंदवला गेला. त्याआधी ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ फाटा येथे बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत पडून ७४ जण मेले होते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याला कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे. बांधकाम करताना किंवा पाडताना माणसांच्या जिवाची काळजी न घेणे हा कलम २९० खाली वेगळा गुन्हा आहे, त्यासाठी कोणी मरावेच लागत नाही. तेव्हा सज्जा लोंबतो आहे, कॉलम फुगला आहे असे दिसले तर आधी माणसे बाहेर काढावीत. मग गावात ग्रामपंचायतीला आणि नागपुरात महापालिकेच्या झोन कार्यालयाला लेखी कळवावे. लकडगंज हा महापालिकेचा स्वतंत्र झोनच आहे. पोलिसांत तक्रार त्यासोबत द्यावी. त्यातून पैसे परत मिळत नाहीत, त्यासाठी वरचेच दरवाजे.

आणि आपल्या घरचीही बाजू बघावी. एका मजल्याच्या पायावर "मुलाचे लग्न आहे, वर दोन खोल्या चढव" असा हट्ट मालकाने केला आणि ठेकेदाराने ऐकला, तर पुढे दोघांचेही बोलणे ऐकले जाते. नकाशा मंजूर नसेल तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

कागद

ज्यांचे बांधकाम अजून व्हायचे आहे त्यांनी एवढे करावे. योग्य मुद्रांकावर करार करावा. त्यात सिमेंटची प्रत, लोखंडाची जाडी व अंतर, काँक्रीटचे प्रमाण, पायाची खोली, किती दिवस पाणी मारायचे आणि ते कोणी, हे लिहावे. स्लॅबच्या दिवशी काँक्रीटचे ठोकळे भरून घ्यावेत आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत फोडून बघावेत. याला लागणारा खर्च स्लॅबच्या खर्चापुढे काहीच नाही. पैसे मागेल तसे न देता कामाच्या टप्प्यांवर द्यावेत आणि बँकेतूनच द्यावेत. रोख दिलेले लाख रुपये आयोगापुढे शून्य ठरू शकतात. शेवटचे पाच ते दहा टक्के एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवायचे हेही करारातच असावे. सरकारी आणि संस्थांच्या कामांत ठेकेदाराची अनामत अशीच राखून ठेवतात, त्यात कोणाचा अपमान नाही. करारात नसताना पैसे अडवले तर उलट ठेकेदारच आपल्यावर दावा लावतो, हेही ध्यानात ठेवावे.

ज्यांचे घर बिघडले आहे त्यांनी आज फोटो काढावेत, तड्याशेजारी मोजपट्टी धरून. मोबाइलमधले फोटो पुराव्यात दाखल करताना नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नयेत. तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा लावून तारीख घालावी. तो फुटला तर तडा अजून चालतो आहे असे कळते. मग इंजिनिअरचा अहवाल, आणि तो जोडून ठेकेदाराला लेखी नोटीस: दोष अमुक, ३० दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर दुसऱ्याकडून करून खर्च तुमच्याकडून घेऊ. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपावी. जुने रजिस्टर आता स्पीड पोस्टातच मिसळले आहे. ठेकेदाराने पाकीट घेतले नाही तर परत आलेले पाकीट फोडू नये, तसेच ठेवावे.

आमच्या तिघांपैकी गावच्या घरवाल्यांनी नोटीस पाठवली आणि अकराव्या दिवशी ठेकेदार दारात उभा राहिला. पाया कोणी उथळ ठेवला यावर अजून बोलणे चालू आहे, पण स्लॅबची दुरुस्ती त्याने लिहून दिली आहे. लकडगंजच्या फ्लॅटवाल्यांचे ३० दिवस या महिनाअखेर भरतात. तोपर्यंत बिल्डर आला नाही तर इमारतीतले बाकीचे रहिवासी त्यांच्याबरोबर सही करायला तयार आहेत. चौकटीवाले पावती घेऊन दुकानात गेले आहेत, सहापैकी चार चौकटी बदलून द्यायला दुकानदार राजी आहे, उरलेल्या दोघींवर रंग चढवलेला होता.

ज्या सभासदांजवळ असे प्रकरण असेल त्यांनी करार, पैसे दिल्याचे बँकेचे कागद आणि फोटो घेऊन कारखान्याच्या शेतकी कार्यालयात यावे. मुदत कोणती लागते ते आम्ही सोबत बसून बघू. मूळ कागद मात्र आमच्याकडेही सोडून जाऊ नयेत.